न झालेला गोल



आपल्या बदनापुरात फुटबॉल फारसा कोणी खेळत नाही. सुगी झाली की रिकाम्या वावरात पोरे क्रिकेटचा डाव मांडतात, तेवढाच काय तो आपला खेळ. तरीही आज मी फुटबॉलविषयी, त्यातही बचावपटूविषयी लिहिणार आहे. माणसाच्या कामाची किंमत कशावरून ठरवायची, हा जुना नैतिक प्रश्न बचावपटूच्या कामात जितका उघडा दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसतो. ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो : एका संघात 11 खेळाडू असतात. पुढचे गोल करायला धावतात, मागचे गोल होऊ नये म्हणून उभे असतात. या मागच्यांना बचावपटू म्हणतात. गोलरक्षकाला हात वापरता येतात. बचावपटूला पाय, छाती आणि डोके यांवरच भागवावे लागते.

17 मार्च 2019 हा उपवासकाळातील दुसरा रविवार होता. त्या संध्याकाळी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला, बेंगळुरू विरुद्ध गोवा. गोव्याच्या संघात कोरोमिनास नावाचा स्पॅनिश आघाडीपटू होता. त्या मोसमात सर्वांत जास्त, म्हणजे 16 गोल त्याचे होते. बरोबर एक वर्षापूर्वी, 17 मार्च 2018 रोजी, हाच बेंगळुरूचा संघ स्वतःच्या मैदानावर चेन्नईकडून 3-2 असा अंतिम सामना हरला होता. 90 मिनिटे झाली, गोल नाही. जादा वेळ सुरू झाला, तरी गोल नाही. मग 117व्या मिनिटाला बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. अशा वेळी मागचे उंच खेळाडूही पुढे जातात. दिमास देल्गादोने चेंडू उचलून मारला आणि मुंबईच्याच राहुल भेके या बचावपटूने तो डोक्याने जाळ्यात धाडला. बेंगळुरू 1-0 ने जिंकले आणि ही स्पर्धा त्यांनी पहिल्यांदा जिंकली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून भेकेचे नाव झळकले.

ते झळकणे योग्यच होते. पण माझे मन त्या गोलाआधीच्या 116 मिनिटांपाशी अडते. त्या 116 मिनिटांत भेके आणि त्याचे सोबती काय करत होते? कोरोमिनासला वळायला जागा मिळू नये म्हणून त्याच्या अंगाला अंग लावून धावत होते. येणारे चेंडू अडवत होते, एकमेकांना हाका मारून जागा सांगत होते. त्यांचे खरे काम हेच होते. गोल हा त्या दिवशी वरकड मिळालेला भाग. त्या 116 मिनिटांतली एक चूक पुरी होती, मग 117वे मिनिट कोणाच्या लक्षातही राहिले नसते. तरी आपण लक्षात काय ठेवले? गोल.

भेकेच्या वाट्याला हे पुन्हा आले. 11 एप्रिल 2022 रोजी सौदी अरेबियात रियाध येथे मुंबई सिटी संघाने इराकच्या वायुदलाच्या संघाला 2-1 असे हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय. विजयी गोल पुन्हा भेकेच्या डोक्याने झाला आणि तोच सर्वांच्या ध्यानात राहिला. 4 मे 2024 रोजी कोलकात्याला मोहन बागानला 3-1 ने हरवून मुंबई सिटीने करंडक जिंकला तेव्हा भेके त्या संघाचा कर्णधार होता. इतकी वर्षे वेगवेगळ्या क्लबांनी त्याला मागे उभे केले, कारण त्यांना त्याची किंमत ठाऊक होती. आपल्यासारख्या बघणाऱ्यांना मात्र गोल झाल्याखेरीज काही दिसत नाही.

ही एका खेळाडूची गोष्ट नाही. 1962 साली जकार्ता येथील आशियाई खेळांत भारताने दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. जर्नेलसिंग हे आपले भक्कम बचावपटू. त्यांच्या डोक्याला आधीच्या सामन्यात जखम होऊन टाके पडले होते. म्हणून प्रशिक्षक रहीम साहेबांनी त्यांना पुढे खेळवले आणि अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला. आज साठ वर्षांनंतर जर्नेलसिंगांची आठवण निघते ती त्या गोलाची. आयुष्यभर त्यांनी जे अडवले त्याची यादी कोणाकडे नाही. युरोपात 1956 पासून वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला सोन्याचा चेंडू देतात. इतक्या वर्षांत तो बचावपटूंपैकी फक्त तिघांना मिळाला : जर्मनीचे बेकेनबाउर आणि सामर, आणि 2006 साली इटलीचा कॅनावारो.

आपल्या शेजारच्या गोव्यातील महेश गवळी यांचे नाव तर तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलेही नसेल. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत ते घडले. 2003 साली ईस्ट बंगालने जकार्तामध्ये आसियान क्लब स्पर्धा जिंकली त्या संघात ते होते. नंतर गोव्याच्या डेंपो क्लबसाठी आणि भारतासाठी वर्षानुवर्षे ते मागची बाजू सांभाळत राहिले. पुढे ते भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. त्यांच्या नावावर भेकेसारखा एखादा प्रसिद्ध गोल नाही, म्हणून सांगायला गोष्टही नाही. ज्या संघमित्रांनी त्यांच्या भरवशावर पुढे धाव घेतली त्यांना विचारले तर ते काय ते सांगतील.

आता कोणी विचारील, जे घडलेच नाही त्याचे श्रेय कोणाला कसे द्यायचे? गोल झाला नाही तो बचावपटूमुळे, की समोरच्याने चेंडू बाहेर मारला म्हणून? प्रश्न रास्त आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही यावर पुष्कळ वाद घातला आहे.

उत्तरासाठी लांब जायला नको. आपल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे बीडीएन 711 हे वाण दिले. मर आणि वांझ या रोगांपुढे ते टिकाव धरते आणि लवकर हाती येते. ज्यांनी उभ्या तुरी मरीने वाळताना पाहिल्या आहेत त्यांना याचा अर्थ सांगायला नको. पण ज्या वर्षी मर येत नाही, त्या वर्षी पीक उभे राहिले ते बियाण्यामुळे की देवाच्या कृपेने पाऊसपाणी बरे झाले म्हणून, हे कोण सांगणार? खळे झाल्यावर आपण भाव किती मिळाला हे विचारतो. रोग का आला नाही, हे कोणी विचारत नाही. पोलिओचेही तसेच. 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आज ज्या आईचे लेकरू धडधाकट पळते तिला ते पाय कोणी वाचवले हे ठाऊक नाही. कोणत्या दिवशी वाचवले, हे तर ते थेंब पाजणाऱ्या बाईंनाही ठाऊक नाही.

समजा, दोन राखणदार आहेत. ज्वारी हुरड्यात आहे. एक माळ्यावर गोफण घेऊन दिवसभर उभा आहे, दुसरा माळ्याखाली सावलीत झोपला आहे. योगायोगाने त्या दिवशी दोन्ही वावरांवर पाखरे उतरली नाहीत. संध्याकाळी कणसे मोजली तर दोन्हीकडे सारखीच. मग दोघांचे काम सारखे झाले का? कोणताही शेतकरी म्हणेल, नाही. म्हणजे कामाचे मोल केवळ परिणामात नाही, हे आपल्याला आतून कळते. ते मोल जागे राहण्यात आहे. जागे राहणाऱ्याने राखणीला आपला दिवस दिला, झोपलेल्याने दिला नाही. हिशेबाच्या वहीत हा फरक दिसणार नाही. तरी तो खरा आहे, आणि देवासमोर तर तोच मोजला जातो असे मला वाटते.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात धैर्य या सद्गुणाची चर्चा केली आहे. धैर्य म्हटले की आपल्यापुढे तलवार उपसून चालून जाणारा वीर उभा राहतो. संत थॉमस मात्र सांगतात की धैर्याची मुख्य कृती चाल करून जाणे ही नव्हे. आपली जागा न सोडता टिकून राहणे, ही ती कृती. त्यांची कारणे साधी आहेत. चाल करणाऱ्याला आपण वरचढ आहोत असे वाटत असते. टिकणाऱ्यावर मात्र सहसा त्याच्याहून बलवान माणूस चालून आलेला असतो. चाल करणाऱ्याचे संकट अजून पुढे असते, टिकणाऱ्याच्या ते अंगावर आलेले असते. आणि चाल एका झटक्यात होऊन जाते, टिकायला वेळ लागतो. संत थॉमसना फुटबॉल ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण बचावपटूचे वर्णन याहून नेमके कोणी केले नसेल. त्यांना मनात धरायचे होते ते रक्तसाक्षी, ज्यांनी कोणावर हात उचलला नाही आणि श्रद्धाही सोडली नाही.

इथवर मानाचा विषय झाला. मान मिळाला नाही तर माणूस मरत नाही. बचावपटूच्या वाट्याला दुसरी एक गोष्ट येते, ती याहून जड आहे. त्याचे काम दिसत नाही, पण त्याची चूक सगळ्या जगाला दिसते. आघाडीपटूने दहा संधी दवडल्या आणि अकराव्या वेळी गोल केला तर तो वीर. बचावपटूने दहा चेंडू अडवले आणि अकरावा सुटला तर दोषी.

कोलंबिया देशाचा आंद्रेस एस्कोबार हा सभ्य खेळाडू म्हणून ओळखला जाणारा बचावपटू होता. त्याच्या देशात त्याला फुटबॉलमधील सद्गृहस्थ म्हणत. 22 जून 1994 रोजी विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध खेळताना समोरून आलेला एक चेंडू अडवायला त्याने जमिनीवर घसरत पाय टाकला. चेंडू त्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेला. कोलंबिया तो सामना 2-1 ने हरला आणि पुढे स्पर्धेबाहेर पडला. मायदेशी परतल्यावर त्याने तोंड लपवले नाही. आयुष्य इथे संपत नाही, अशा आशयाचे त्याने वर्तमानपत्रात लिहिले. 2 जुलै 1994 च्या पहाटे मेडेयीन शहरात त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्याचे वय 27 होते. त्याच्या अंत्ययात्रेला लाखाहून अधिक लोक लोटले.

गोळ्या घालणारा एक होता, पण त्या दहा दिवसांत त्याला शिव्याशाप देणारे किती असतील? कोलंबिया हा बहुतांशी कॅथलिक देश. ते लोकही आपल्यासारखेच स्नानसंस्कार झालेले, रविवारी मिस्साला जाणारे. हे मला विसरता येत नाही.

आता शांतपणे पाहा. एस्कोबारचा गुन्हा काय? तो चेंडूच्या वाटेत आला, हाच. तो वाटेत आला कारण ते त्याचे काम होते. तो आळसाने मागे राहिला असता तर चेंडू त्याच्या पायाला लागला नसता. कदाचित दुसऱ्या कोणी गोल केला असता, आणि एस्कोबारचे नाव कोणी घेतले नसते. स्वयंगोल धावणाऱ्याच्याच हातून होतो. जो जागेवर नसतो त्याच्या नावावर तो कधी लागत नाही. म्हणजे केवळ परिणाम पाहून न्याय करायचा ठरवले, तर आळशी सुटतो आणि कर्तव्यदक्ष अडकतो. संत थॉमस यांनी हाही प्रश्न घेतला आहे. कृतीनंतर जे घडते त्याने कृतीचा चांगलेवाईटपणा वाढतो का? ते म्हणतात, करणाऱ्याला जे आधी दिसत होते किंवा त्या कृतीतून जे सहसा घडतेच, त्याचा भार त्याच्यावर येतो. जे अनपेक्षितपणे, योगायोगाने घडले, त्याचा येत नाही.

याचा अर्थ कोणीच कधी दोषी नसतो असा नाही. मिस्साच्या सुरुवातीला आपण विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेल्या पापांबरोबर कर्तव्यात केलेल्या हयगयीचीही कबुली देतो. काइनाने देवालाच उलट विचारले होते की भावाची राखण करणे हे काय माझे काम आहे. देवाच्या लेखी ते त्याचे काम होते. हयगय आहे, आणि तिचा जाब आहे. पण हयगय ओळखायची ती माणूस आपल्या जागेवर होता की नव्हता यावरून. चेंडू जाळ्यात गेला की नाही यावरून ती ठरत नाही.

हे मी का लिहितो ते आपल्या भागातील माणसाला सांगावे लागू नये. मराठवाड्यात कर्जापायी, नापिकीपायी शेतकऱ्याने जीव दिला की दहाव्या दिवसापर्यंत घराच्या ओट्यावर बसून बाया आणि बापेही त्याच्या बायकोला विचारतात, "तुझं लक्ष कुठं होतं गं?" पोरगा दारूला लागला की विचार आईला होतो. म्हातारा रात्री न्हाणीत घसरून पडला की सुनेला. ज्या बाईने दोन वर्षे नवऱ्याच्या उशाशी जागून काढली, विळा आणि फवारणीचे औषध लपवून ठेवले, सोसायटीच्या दारात स्वतः जाऊन हात जोडले, तिने किती रात्री संकट परतवले याची मोजदाद कोणी केली? त्या सगळ्या न झालेल्या गोलांचा हिशेब शून्य, आणि एक रात्र तेवढी तिच्या नावावर लिहायची. हा न्याय नव्हे. आपल्या धर्मग्रामातील कोणी असा प्रश्न दुखवट्याच्या घरी विचारत असेल तर मी त्याला सांगेन की पापनिवेदनाला येताना याचाही विचार करून या. आणि ज्यांना तो प्रश्न कोणी विचारत नाही, पण ज्या स्वतःच तो स्वतःला रात्री विचारतात, त्यांना मी सांगेन की बाई, तू जागेवर होतीस.

संत योसेफाचा सण 19 मार्चला येतो. शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही, हे आपण अनेकदा ऐकले आहे. त्याने काय केले हे मात्र मत्तय नीट सांगतो. रात्री उठला, बाळाला आणि आईला घेतले आणि मिसर देशाला निघून गेला. हेरोदाच्या शिपायांना बेथलेहेमात जे करायचे होते ते त्या एका घरात घडले नाही. योसेफाचे सारे कर्तृत्व हे असे न घडलेल्या गोष्टीचे आहे. 1870 साली पोप नववे पायस यांनी त्याला अखिल ख्रिस्तसभेचा आश्रयदाता म्हणून जाहीर केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1989 साली त्याच्यावर लिहिलेल्या पत्राचे नावच 'तारणाऱ्याचा राखणदार' असे आहे. हे पोप लहानपणी पोलंडमधील आपल्या गावी गोलरक्षक म्हणून खेळत. त्यांना राखणदाराविषयी आत्मीयता वाटावी यात मला नवल वाटत नाही.

योसेफाच्या गोष्टीतील दुसरा भाग आपण सहसा वाचून सोडून देतो. हेरोद मेल्यावर तो बाळाला परत घेऊन आला. मिसरात ठेवले असते तर बाळ सुरक्षित राहिले असते. यहूदियात हेरोदाचा मुलगा राज्य करीत होता आणि योसेफाला भीती वाटत होती, असे मत्तय स्पष्ट सांगतो. तरी तो परतला, फक्त यहूदियाऐवजी गालीलाची वाट धरली. बाळाला वाढायचे होते, आणि ज्या कामासाठी तो आला होता ते मिसरात बसून होणारे नव्हते. योसेफाने धोका टाळला, पण त्यासाठी बाळाचे आयुष्य अडवून धरले नाही.

फुटबॉलमध्ये बचावपटूसमोर एक मोह नेहमी उभा असतो. समोरचा खेळाडू त्याला चकवून पुढे निघाला आहे, मध्ये आता कोणी नाही, गोल होणार. अशा वेळी मागून त्याचा सदरा धरून खाली ओढायचे. गोल वाचतो, स्वतःला लाल कार्ड मिळते, संघ 10 खेळाडूंवर येतो. पुष्कळ समालोचक याला शहाणपणाचा फाऊल म्हणतात आणि मैदानाबाहेर जाणाऱ्यासाठी टाळ्याही वाजतात. त्याने संघासाठी त्याग केला म्हणे. मला हे पटत नाही. हेतू राखणीचा होता हे मान्य. पण चांगले व्हावे म्हणून वाईट करायला हरकत नाही, हा विचार संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात साफ नाकारला आहे. ज्याला खाली ओढले तो खेळायला आला होता, त्याचा खेळ अन्यायाने थांबवला गेला. आणि राखणदार एकदा असे म्हणू लागला की राखण करतो म्हणून मला सर्व माफ, तर त्याच्यापासून राखण करायला दुसरा माणूस ठेवावा लागेल.

मैदानावर हे फार तर एका सामन्यापुरते. घरात ते आयुष्यभराचे होते. आपल्या भागात मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आईबापांची झोप उडते, आणि ती का उडते हे मला चांगले ठाऊक आहे. सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावाला, रस्त्यात वस्ती नाही, एसटीचा भरवसा नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे तर सहा महिने पोरीला कोणाच्या स्वाधीन ठेवायचे? मग शाळा बंद होते. आणि वर्ष-दोन वर्षांत लग्न. कोणी विचारले तर उत्तर तयार असते : "फादर, पोरीच्या भल्यासाठीच केलं, काही वाईटवंगाळ घडलं असतं म्हणजे?" काही ठिकाणी याला हिशेबाचीही जोड असते, कारण नवराबायको मिळून एक कोयता होतो आणि मुकादमाकडून उचल मिळते. पण हिशेबाचा भाग सोडा. ज्या बापाने खरोखर काळजीपोटी केले, त्याचेच घ्या. त्याची भीती खोटी नाही आणि त्याचे प्रेमही खोटे नाही. तरी त्याने जे केले त्याला राखण म्हणता येत नाही. घाबरलेला बचावपटू चेंडू प्रेक्षकांत भिरकावून देतो, क्षणभर गोल टळतो, पण आपल्या संघाला खेळायला चेंडूही उरत नाही. मुलीला काही होऊ नये म्हणून तिचे काही होऊच द्यायचे नाही, अशातली ही गत.

कसबी बचावपटू चेंडू अडवून तो आपल्या साथीदाराच्या पायात देतो आणि खेळ तिथून पुढे जातो. 17 मार्चच्या त्या सामन्यात 117व्या मिनिटाच्या गोलानंतरही काही मिनिटे उरली होती. गोल करून झाल्यावर भेकेला मागे आपल्या जागेवर परतायचेच होते.

18 वर्षांखालील मुलीचे आणि 21 वर्षांखालील मुलाचे लग्न 2006 च्या कायद्याने गुन्हा आहे. जन्माचा दाखला पाहिल्याशिवाय मी कोणाचेही लग्न लावणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मांडव घातल्यावर रुसवेफुगवे नकोत. पण नुसते 'लग्न लावणार नाही' म्हणणे हाही चेंडू बाहेर मारण्याचाच प्रकार झाला. ज्यांना तोडीला जायचे आहे आणि मुलीच्या शिक्षणाची, राहण्याची चिंता आहे, त्यांनी मुकादमाची उचल घेण्याच्या आधी येऊन भेटावे, नंतर नव्हे. सिस्टर्सशी बोलून वसतिगृहाची सोय पाहता येईल. ज्यांच्या घरी आजी आहे पण म्हातारपणामुळे एकटीवर भार पडतो, अशा घरांसाठी शेजारच्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून जबाबदारी घेता येईल. शाळेच्या वाटेवर मुलींना सोबत कोणी करायची, यावर पुढच्या रविवारी मिस्सानंतर बसून बोलू. पुरुषांनीही थांबावे. फक्त आयांनी थांबून भागणार नाही.

आपला,
धर्मगुरू